फजितगडचा चौथा भाग

माझ्या आजाराचं निदान झालं तेव्हा मी मिसळ खात होते.

गळ्याशी आलेली एक गाठ काढून तपासायला पाठवली होती. रिपोर्ट आला त्या सकाळी आम्ही तिघं डॉक्टरांच्या केबिनबाहेर बाकावर बसलो होतो. मी, माझा नवरा विनायक आणि सटाण्याहून आलेला माझा मोठा भाऊ अण्णा. दार उघडलं, नाव पुकारलं गेलं. नाव माझं होतं म्हणून मी उठले. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "बरोबर कोण आहे? त्यांना आधी पाठवा."

विनायक म्हणाला, "तू सकाळपासून उपाशी आहेस. समोर मिसळ चांगली मिळते. खाऊन ये."

मी आज्ञाधारक बाई नाही, पण भूक लागली होती. रस्ता ओलांडून गेले, रस्सा दुसऱ्यांदा मागितला, पापडही मागितला. मिसळ खरंच चांगली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या काही आठवड्यांत माझ्याशी प्रामाणिकपणे वागलेल्या मोजक्या गोष्टींत तिचा नंबर वरचा लागतो.

परत आले तर दोघं जिन्यापाशी उभे होते. विनायक म्हणाला, "गाठीचा टीबी आहे. कडक औषधं घ्यावी लागतील, पण बरा होतो." अण्णा म्हणाला, "काहीच नई शे, शैला. घाबरू नको."

इथेच मला कळायला हवं होतं. अण्णा कांद्याचा आडत्या. बाजार समितीत आवाज चढवून चढवून त्याचा घसा कायमचा बसलेला. मी नोकरीला लागल्यापासून तो मला बाईसाहेब म्हणतो, तेही दर वेळी काहीतरी टोमणा जोडून. मला नावाने हाक तो फक्त कुणीतरी गेल्याची बातमी सांगताना मारतो.

*

हा अनुभव लिहावा असं मला पुष्कळांनी सुचवलं. "तुमच्या जिद्दीची कहाणी लोकांपुढे यायला हवी," असं त्यांचं म्हणणं. जिद्दीचं मला काही आठवत नाही. आठवते ती मळमळ, तोंडाला येणारी लोखंडाची चव, आणि घरातल्या एकूण एका माणसाने माझ्या तोंडावर केलेला अभिनय. औषधांची नावं आणि मात्रा मी लिहिणार नाही. ती बदलत असतात आणि डॉक्टर ती माझ्यापेक्षा बरी सांगतील. मला सांगायचंय ते वेगळं आहे, आणि ते पोरांच्या एका पुस्तकमालिकेशिवाय सांगता येत नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी एका विमा कार्यालयात दाव्यांच्या विभागात होते, विनायक सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. राहायला गंगापूर रोडला. एकच मुलगी, मुग्धा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.

माझ्या टेबलापुढच्या खुर्चीवर गेलेल्या माणसांचे नातेवाईक बसत. त्यांच्यातलं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते यायच्या आधी मला दिसायचं. "शेवटपर्यंत कळू दिलं नाही हो आम्ही त्यांना." हे सांगताना माणसं किंचित ताठ बसतात. मुलाला मेरिट मिळालं की बसतात तशी. मी मान डोलवायची. मनात यायचं, म्हणजे ज्याचं मरण होतं त्यालाच तेवढं आमंत्रण नव्हतं. पण असं तोंडावर बोलत नाहीत.

हे सगळं माहीत असून मी टीबीवर विश्वास ठेवला. रिपोर्ट दाखवा म्हटलं, तर विनायक म्हणाला, "डॉक्टरांच्या फायलीत आहे." मी पुन्हा विचारलं नाही. मी मूर्ख होते म्हणून नव्हे. एवढ्या वर्षांत विनायकवर शंका घ्यायची मला सवयच लागली नव्हती. संसारात काही सवयी वेळेवर लावून घ्याव्यात.

*

इस्पितळात मला स्वतंत्र खोली मिळाली. मला ती चैन वाटली. "कशाला, जनरलमध्ये गप्पा तरी झाल्या असत्या," असं मी म्हटल्यावर सिस्टर खिडकीचा पडदा सारखा करायला लागली. तो आधीपासून सारखाच होता.

औषध सलाईनमधून दिलं. त्यातलं एक लालभडक होतं, गणपतीच्या मांडवातल्या सरबतासारखं. "टीबीचं नवीन निघालंय," असं मला सांगण्यात आलं. त्यानंतर ताप चढला आणि मुक्काम लांबला.

रोज सकाळी मोठ्या डॉक्टरांची फेरी असे. तिला मिरवणूक म्हणणं जास्त बरोबर. पुढे एक सिस्टर दार उघडायला, मागे एक फाइल धरायला, दोन शिकाऊ डॉक्टर मान हलवायला, आणि मधे स्वतः. मोठे डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी थांबत आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीला विचारत, "काय, कसं काय आज? छान. पॉझिटिव्ह राहायचं." भिंत पॉझिटिव्ह राही. मिरवणूक पुढे जाई.

भेटायला येणारे फार चांगले वागत होते. हे सगळ्यांत वाईट लक्षण. नणंदबाई माझ्या पाया पडायच्या बेतात होत्या. मखमलाबादच्या मळ्यातून भाजी आणणाऱ्या सुमनबाई, ज्यांच्याशी माझं एका मेथीच्या जुडीवरून वर्षानुवर्षं भांडण चालू होतं, त्यांनी निवडून, धुऊन, पदराखाली झाकून मेथी पाठवली. अण्णा सटाण्याहून पुन्हा आला, द्राक्षांची पेटी ठेवून खुर्चीवर बसला आणि एकही टोमणा मारला नाही.

"बरं नाही का तुला?" मी त्याला विचारलं.

"मले काय व्हयनं?" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

*

वाचायला काय आणू, असं मुग्धाने विचारलं. वर्तमानपत्र धरवत नव्हतं. गंभीर काही नको होतं. मी म्हटलं, "फजितगड आण."

फजितगडचे सात भाग. पातळ, पिवळट कागदाचे, मुखपृष्ठावर हवेत तरंगणारा किल्ला. लेखक कुठल्याशा तालुक्याच्या गावचा शिक्षक होता. त्याला ना पारितोषिक मिळालं, ना त्याचा सत्कार झाला. त्यामुळे त्याच्याबद्दल माझं मत आधीपासून चांगलं होतं. मुग्धा तिसरी-चौथीत असताना एकेक भाग निघायचा आणि मी तिला रात्रीच्या जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवायची. दोघी पोट धरून हसायचो. विनायक दुसऱ्या खोलीतून म्हणायचा, "पोरकट पुस्तकं. आवाज कमी करा."

कथा अशी. किल्ला बांधणारा गवंडी पाया घालायला विसरला, म्हणून फजितगड जमिनीपासून पुरुषभर उंचीवर तरंगतो. आत-बाहेर करायला एक शिडी आहे आणि ती धरायला दौलत नावाचा दारवान. राजा आढेवेढेराव कशालाच हो म्हणत नाही. आणि गडावर एक चेटकीण आहे, उशिराबाई. तिचे मंत्र अचूक असतात, पण दुसऱ्या दिवशी लागू होतात. पाहुण्यांसाठी आज भजी मागवली तर ती उद्या पडणार, पाहुणे गेल्यावर, रिकाम्या पाटांवर.

मुग्धा कॉलेजातून येताना एका वेळी एकच भाग आणायची. आधीचा घेऊन जायची. मला वाटलं, पिशवीचं ओझं नको म्हणून.

पहिला भाग वाचला आणि मी अस्वस्थ झाले. तो चांगला नव्हता. नावांचे विनोद, त्यावर पुन्हा नावांचे विनोद, आणि दर दोन पानांनी कुणीतरी शिडीवरून पडतं. प्रधान पडतो. पुरोहित पडतो. राजाचा मेहुणा सोवळ्यात पडतो. लेखकाला दुसरं काही सुचलं नाही की कुणीतरी शिडीच्या दिशेने निघालंच म्हणून समजावं. दुसरा भाग जरा बरा. शत्रूला बेडूक करायचा मंत्र उशिराबाई मारते, तोवर तह होतो, आणि दुसऱ्या दिवशी तहाच्या पंगतीत शत्रूपक्षाची अख्खी ओळ पानांवर बेडूक होऊन बसते. पण शिडी आहेच. तिसऱ्या भागात तर खुद्द शत्रूचा हत्ती शिडीवरून पडतो.

आपण यावर हसलो होतो? पलंगावर पडल्यापडल्या मला लुबाडल्यासारखं वाटलं. मग हळूहळू आठवलं. मी पुस्तकावर हसतच नव्हते. मुग्धा हसायची आणि मी तिच्याकडे बघून हसायची.

तरी मी वाचत राहिले, कारण मला पक्कं आठवत होतं की ही मालिका पुढे कुठेतरी चांगली होते. ते ठिकाण चौथ्या भागात आहे हेही आठवत होतं.

तिसरा संपवल्यावर मुग्धाने पाचवा आणून दिला.

*

पाचव्या भागाच्या पहिल्याच पानावर दौलत दारवान गडाचं दार उघडून सरळ अंगणात पाय टाकतो. शिडी नाही. किल्ला जमिनीवर आहे. उशिराबाईच्या खोलीत आता बदकं राहतात.

मी पुस्तक पालथं घातलं.

चौथ्या भागात काय होतं ते माझ्या घरात दोनच माणसांना माहीत होतं. विनायकने या मालिकेचं एक पानही कधी उघडलेलं नव्हतं. अण्णाला तर ती आहे हेही ठाऊक नव्हतं. चौथ्या भागात उशिराबाई आजारी पडते. अंगावर गाठी येतात. आणि ती मरते. विनोदी पुस्तकात, राजवैद्य असताना, जादू येत असताना मरते. तेव्हा मुग्धा एवढी रडली होती की दुसऱ्या दिवशी तिला शाळेत पाठवता आलं नव्हतं.

हरवायला सात भाग होते. त्यातला नेमका तोच हरवावा असं दुसरं काही कारण मला सापडेना. टीबी झालेल्या आईपासून उशिराबाई कुणी लपवत नाही.

आता सगळं आपोआप जागेवर बसायला लागलं. स्वतंत्र खोली, लाल औषध, सारखा पडदा सारखा करणं, मेथी. पण मला टोचलं ते आजाराचं नाव नव्हे. टोचलं ते हे की मुग्धाला माहीत आहे. रोज दुपारी येऊन माझ्या उशाशी बसणारी, कॉलेजातल्या गमती सांगणारी, माझं पोर. नवऱ्याने फसवलं हे मी समजू शकत होते. ते एक जुनं खातं आहे, सगळ्या बायकांचं असतं. पण ती आणि मी एका बाजूच्या होतो. निदान मी तसं समजत होते.

*

दुसऱ्या दिवशी ती आली. पिशवी ठेवली. "वाचलास? कसा आहे?"

"चौथा कुठे आहे?"

"काय चौथा?"

"भाग."

"अगं, तो सापडलाच नाही. माळ्यावर असेल."

"सहा कपाटात आणि तो एकटाच माळ्यावर?"

"मग आत्याच्या प्राचीने नेला असेल."

"प्राचीला मराठी आकडे वाचता येत नाहीत. मागच्या दिवाळीत तिने सिटी बसचा नंबर माझ्याकडून वाचून घेतला."

मुग्धाने पेल्यात पाणी ओतलं आणि ते मला न देता स्वतःच प्यायली. "आई, तू पाचवा वाच ना. काही अडत नाही चौथ्यावाचून."

"अडतं. पाचव्यात गड जमिनीवर आहे. तो खाली कसा आला?"

ती खुर्चीवर बसली नाही. पिशवी पुन्हा उचलून पोटाशी धरली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"मुग्धा, उशिराबाईला काय झालं होतं?"

"तुला माहितीये."

"आणि मला काय झालंय?"

"बाबांना विचार."

"बाबांनी फजितगड वाचलेलं नाही. तू वाचलंयस."

शेवटी तो शब्द मीच उच्चारला. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला. मला उत्तर मिळालं.

"कधीपासून?"

"तू मिसळ खायला गेली होतीस त्या दिवसापासून. मामाने घरी फोन केला."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"आत्याला. मामीला. शेजारच्या काकूंना. तुझ्या ऑफिसात साहेबांना."

"सुमनबाईंना?"

"त्यांनी नवस बोललाय."

"वॉचमनला?"

ती पिशवीचे बंद सारखे करायला लागली. म्हणजे वॉचमनलाही. गंगापूर रोडच्या आमच्या सबंध इमारतीला माझ्या गळ्यात काय आहे ते माहीत होतं. फक्त गळा ज्या बाईचा होता तिला नव्हतं.

"तू जा आता," मी म्हटलं. "आणि उद्या येताना चौथा घेऊन ये. नसेल आणायचा तर येऊ नकोस."

आजारी माणसाने असं बोलू नये म्हणतात. पण आजारी माणसाशी कसं बोलावं याचे नियम त्या घरात आधीच मोडून झाले होते.

*

विनायक पहिली पाळी संपवून डबा घेऊन आला. लिहिताना मी त्याचं नाव घेते, समोर अहो म्हणते. आमच्या पिढीने एवढी सोय करून ठेवली आहे.

"अहो, मला कॅन्सर आहे."

त्याने डबा हळूच खाली ठेवला. "कोण म्हणालं?"

"उशिराबाई."

"कोण ही बाई? आया आहे का इथली?"

मला हसू आलं. त्या दिवसातलं ते एकुलतं एक. मग तो बोलायला लागला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. डॉक्टरच म्हणाले होते, पेशंटला सांगू नका, धीर सुटतो. अण्णाने सगळ्यांना आईची शपथ घातली होती. तुझ्या भल्यासाठीच केलं. बरी झाल्यावर सांगणारच होतो.

"आणि बरी झाले नसते तर?"

त्याने डब्याच्या कडीशी चाळा केला. मग म्हणाला, "तू रोज ऑफिसात असले कागद बघतेस, शैला. आम्हाला त्या शब्दाचा अर्थ नीट कळत नाही. तुला कळतो. म्हणून नाही सांगितलं."

हे त्याने खरं सांगितलं होतं, एवढं मी मानते. "म्हणजे मला कळतं, हाच माझा दोष."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

तो डबा उघडायला लागला. माझ्या टेबलापुढे बसणारी माणसं मला आठवली. हा माणूस कधीतरी माझ्याच खुर्चीपुढे बसून, किंचित ताठ होऊन, तेच वाक्य म्हणणार होता. ते डोळ्यांसमोर आलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. डबा तसाच राहिला. मेथीची भाजी होती, सुमनबाईंची.

*

सकाळी मिरवणूक आली. "काय, कसं काय आज?" असं भिंतीला विचारून झालं. मी उठून बसले.

"डॉक्टर, माझा कॅन्सर नेमका कोणता आहे?"

फाइलवाल्या सिस्टरने फाइल छातीशी धरली. मोठे डॉक्टर म्हणाले, "मिस्टरांशी माझं सविस्तर बोलणं झालेलं आहे."

"गाठ मिस्टरांच्या गळ्यात नव्हती."

शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाची मान हलायला लागली, ती त्याने वेळेवर थांबवली. मोठे डॉक्टर पहिल्यांदाच भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग त्यांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, खुर्ची ओढली आणि बसले. मिरवणूक नसली की माणूस लहान दिसतो आणि जरा बरा वाटतो. त्यांनी नाव सांगितलं, टप्पा सांगितला, किती वेळा औषध द्यावं लागेल ते सांगितलं. केस जातील, म्हणाले, पुन्हा येतील. हा प्रकार औषधाला चांगली दाद देतो. खात्री देत नाही, पण आशा ठेवायला जागा आहे.

म्हणजे ज्या बातमीपासून सबंध गोतावळ्याने मला वाचवलं होतं, ती ऐकल्यावर मला हायसं वाटलं. तोवर सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून मी नकळत जो अंदाज बांधला होता, तो याहून कितीतरी वाईट होता. खोटं बोलणाऱ्यांना वाटतं, समोरच्याला काहीच दिसत नाही. त्याला दिसतं. फक्त नाव कळत नाही, आणि बिननावाची भीती जास्त जागा खाते.

"यापुढे केबिनमध्ये माझ्याशिवाय कुणाला बोलवायचं नाही," मी म्हटलं.

"बरं," डॉक्टर म्हणाले. आढेवेढे न घेता, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

*

मुग्धा चौथा भाग घेऊन आली. डोळे सुजलेले. पुस्तक माझ्या मांडीवर ठेवून उभी राहिली.

"वाच," मी म्हटलं. "मोठ्याने. लहानपणी मी वाचलं, आता तू."

"आई, नको ना."

"माझ्यासाठी नको म्हणत असशील तर मला झेपतंय."

ती एकदम म्हणाली, "तुझ्यासाठी नाही लपवलं मी. बाबांनी तुझ्यासाठी लपवलं. मला परत ते वाचताना तुला बघायचं नव्हतं. मला भीती वाटत होती. मला, आई."

त्या सगळ्या आठवड्यांत माझ्या भल्यासाठी नसलेलं हे पहिलं वाक्य. मी सरकून तिला पलंगावर जागा केली.

तिने वाचलं. उशिराबाई आजारी पडते. राजवैद्य अब्दागिरी, चोपदार, तुताऱ्या घेऊन येतो आणि येताना शिडीवरून पडतो. आम्ही दोघी हसलो, अगदी थोडं. उशिराबाई एका संध्याकाळी दौलतला म्हणते, मला जरा शिडीपाशी ने. तो उचलून नेतो. ती खाली वाकून बघते, पुटपुटते, आणि म्हणते, चल, झोप आली. पुढच्या ओळीत ती गेलेली असते. लेखक त्यावर एक शब्द खर्च करत नाही. पान उलटलं की सकाळ. गडावर कुणाला जेवण जात नाही. दौलत रोजच्यासारखा दार उघडतो आणि शिडी खाली सोडतो. शिडी सुटत नाही. तो पुन्हा सोडतो. शिडीला जायला खाली जागाच नसते. रात्रीतून अख्खा गड इतका अलगद जमिनीवर टेकलेला असतो की स्वयंपाकघरातलं ताकसुद्धा हिंदकळलेलं नसतं.

मुग्धाचा आवाज गेला. मीच पुढची ओळ म्हटली, ती मला पाठ होती. मग दौलत ती शिडी अंगणात आडवी ठेवतो आणि तिच्यावर बसतो.

मालिका चांगली होते ती इथे. त्यानंतरचे तिन्ही भाग चांगले आहेत, सातवा तर फारच. पण कुणी मला सांगितलं असतं की पहिले तीन सोडा, सरळ चौथा घ्या, तर हे पान मला लागलं नसतं. त्यासाठी प्रधानाला, पुरोहिताला, सोवळ्यातल्या मेहुण्याला आणि हत्तीला आधी पडावं लागतं. लेखकाला हे पहिल्यापासून माहीत होतं की तोही शिडीला कंटाळून इथवर आला, ते मला ठरवता आलेलं नाही.

नंतरच्या आठवड्यात केस गेले. अण्णा आला, माझं डोकं बाजारातल्या मालासारखं निरखून म्हणाला, "बाईसाहेब, आता डोक्यावर कांदा घासा. बेणं चांगलं शे आमचं." त्या दिवशी मला प्रथमच वाटलं की मी कदाचित जगेन.

*

जगले. केस आले, आधीपेक्षा कुरळे. नोकरी पुरी केली. मुग्धाचं लग्न झालं, ती चौथा भाग बरोबर घेऊन गेली. मी तिला दुसरी प्रत शोधून आणायला लावली.

विनायकला माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. संसार चालू आहे. दोन्ही गोष्टी एका घरात राहू शकतात, फार भांडत नाहीत. मला वाटत होतं, त्यालाही निदान हे समजलेलं आहे.

अगदी अलीकडे आमच्या ऑफिसातून निवृत्त झालेले साळवे आजारी पडले. त्यांचा थोरला मुलगा घरी आला. बँकेत अधिकारी आहे, हातात दोन मोबाइल.

"काकू, बाबांना आम्ही टीबी सांगितलंय," तो म्हणाला. "तुम्ही एकदा भेटून जा. तुम्हालाही टीबीच होता आणि बऱ्या झालात, एवढंच म्हणा. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे."

"मला टीबी सांगितला होता हे तुला कुणी सांगितलं?"

"काकांनीच की. सोसायटीच्या गणपतीत सांगत होते." तो कौतुकाने म्हणाला, "किती छान सांभाळलं हो त्यांनी. शेवटपर्यंत तुम्हाला कळू दिलं नाही."

मी आत बघितलं. विनायक पेपर वाचत होता. तो किंचित ताठ बसला होता.

मी आत जाऊन फजितगडचे भाग काढले, सातही, आणि पिशवीत भरून साळव्यांच्या मुलाबरोबर गेले. इस्पितळ तेच होतं. बाहेर नवी संगमरवरी पाटी लागली होती, तिच्यावर उद्घाटकाचं नाव डॉक्टरांच्या नावापेक्षा मोठं. खोली स्वतंत्र. पडदा सारखा.

साळवे खूप उतरले होते. पुस्तकं बघून म्हणाले, "हे काय, पोरांची?"

"पहिले तीन कंटाळवाणे आहेत. सोडू नका," मी म्हटलं.

ते हसले. मग हसू विझलं आणि त्यांनी माझा हात धरला. त्यांचा मुलगा पायथ्याशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, डोळ्यांनी विनवत होता.

"शैलाताई, खरं सांगा," साळवे म्हणाले. "तुम्हाला टीबीच झाला होता ना?"

मी मुलाकडे वळले. "तू सकाळपासून उपाशी दिसतोस," मी म्हटलं. "समोर मिसळ चांगली मिळते. खाऊन ये."

तो गेला. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.